चिमाचं पथ्य

अंबाबाईंनी चिमाच्या दंडावरून हात फिरवला, कोपरापर्यंत आणला आणि तिथंच थांबवला. मग तोच हात उलटा वर नेला. ओसरीवरच्या बायका माना पुढं काढून बघू लागल्या.

"हे काय वो?" अंबाबाई म्हणाल्या. "पोरीच्या अंगावर काटं हायेत."

"घामोळं हाय ते," चिमाची आई जयवंता घाईनं म्हणाली.

"माघाच्या थंडीत घामोळं?"

जयवंतानं उगाच पोह्यांची ताटली पुढं सरकवली. चिमा मान खाली घालून पायाच्या अंगठ्यानं सारवण उकरत बसली. वय तेराचं, नाक सरळ, बांधा शेलाटा. सगळं कसं जिथल्या तिथं होतं, फक्त दंड, कोपरं आणि गुडघे तेवढे किसणीसारखे खरखरीत. बारीक बारीक काटे, राखाडी रंगाचे, टोचणारे.

अंबाबाई साजगावच्या. मुलासाठी मुलगी बघायला इथवर, कडावापर्यंत आल्या होत्या. मुलगा कारखान्यात कामाला, घरी भाताची खाचरं, नणंद एकच आणि तीही दिलेली. असं स्थळ आपल्या पायानं उंबरठा चढून आलं, तेव्हा जयवंताला दोन रात्री झोप लागली नव्हती. आणि आता ते एका कोपरावर अडलं होतं.

अंबाबाई वाईट बाई नव्हत्या. निघताना त्यांनी जयवंताला परसात बाजूला घेतलं.

"पोर मला पसंत हाय, बाय. खोटं कशाला बोलू? पन आमच्या भावकीत एकीला रक्तपिती झाली व्हती. तिचं अंगबी पयल्यानं असंच खरखरीत झालं व्हतं. तवापासनं आमची मानसं लई भितात. कार्तिकात आमच्याकडं इठोबाची जत्रा भरते, तवा पोरीला घिऊन या. अंग नितळ झालं असंल तर तिथंच सुपारी फोडू."

रक्तपितीचं, म्हणजे महारोगाचं, नाव ऐकलं आणि जयवंतानं आधी कुंपणापलीकडं कुणी ऐकलं तर नाही ना ते बघितलं. चिमाच्या आधीची दोन लेकरं तिनं मातीआड केली होती. राहिली ती ही एवढीच. एकदा का हा शब्द गावात फुटला की साजगावच काय, पंचक्रोशीतलं कुठलंच दार पोरीला उघडणार नव्हतं. नशीब एवढंच की चौदाच्या आत मुलीचं लग्न लावलं तर दंड, असा नवा कायदा आला होता. त्यामुळं लग्न पुढच्या माघावर का गेलं, असं कुणी विचारलं तर सरकारकडं बोट दाखवता येत होतं.

काटे आले कुठून, हेच तिला उमगत नव्हतं. वाईट दिवसांत आले असते तर समजण्यासारखं होतं. पण आता तर घर वर आलं होतं. नवरा मालोजी भिवपुरीच्या वीजघरात झाडलोटीच्या आणि सामान उचलण्याच्या कामावर लागला होता. आठवडाभर तिकडंच चाळीत राहायचा, सुटीला घरी यायचा, आणि येताना बाबूसारखा केसांना तेल लावून यायचा. घरातून नाचणी गेली. उखळात कांडलेला तांबूस तांदूळ गेला. आता भात कर्जतच्या गिरणीतून पांढराशुभ्र होऊन येई. मालोजीला त्या भाताचं भारी कौतुक. येणाऱ्याजाणाऱ्याला ताट दिसेल असा ओसरीच्या कडेला बसून तो जेवायचा आणि म्हणायचा, "सायबाच्या ताटात असाच भात असतोय." साहेबाच्या ताटात भाताखेरीज आणखी काय असतं, ते त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

म्हशीचं दूध पहाटे गवळी घेऊन जाई आणि ते गाडीनं मुंबईला पोचे. ताकापुरतंही मागं उरत नसे. परसात माठ होता, अळू होतं, शेवगा होता, पण पाला ओरबाडून खावा तो अडल्यानडल्यानं, असं जयवंताला अलीकडं वाटू लागलं होतं. चार पैसे दिसले की माणूस आधी ताटातलं हिरवं काढून टाकतो. त्यात तिचं एकटीचं काही चुकलं, असं नाही.

दुसऱ्याच दिवशी ती चिमाला घेऊन आबाजीकडं गेली. आबाजी म्हणजे गावातला जाणता. गंधक आणि खोबरेल तेल चोळून त्यानं अर्ध्या कडावाची खरूज घालवली होती, त्यामुळं त्याच्या शब्दाला वजन होतं. त्यानं चिमाचा हात उजेडात धरला, काट्यांवरून नख फिरवलं, जीभ बघितली, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून बघितल्या.

"रक्तपिती नाय," तो म्हणाला.

जयवंताचा श्वास मोकळा झाला. यापुढं तो विहिरीत उडी घाल म्हणाला असता तरी तिनं मान डोलावली असती.

"रगत बिघडलंय पोरीचं. उष्णता उतलीय. ह्याला औषिद नाय, ह्याला पथ्य. मासळी बंद. अंडं-मटन बंद. दूध-दही बंद. वांगं, पाला, तेल, गूळ, मीठ, मिरची, समदं बंद."

"मंग पोरीनं खावं काय, आबाजी?"

"पांढरं खावं. पांढरा भात, पांढरी पेज, तीबी अळणी. पांढरं खाल्लं की रगत निवतं आन् कातडी उजळते. काळं खाल्लं तर काळंच बाहेर येनार. तुमची नाचनी बघ, सुकी मासळी बघ, रंग कसा हाय त्यांचा?"

हे जयवंताला तिथल्या तिथं पटलं. न पटायला काय झालं? देवानं आधीच घरात पांढरा तांदूळ आणून ठेवला होता.

पथ्य सुरू झालं, आणि जयवंतानं ते असं पाळलं की सोळा सोमवार करणाऱ्या बायकांनी तोंडात बोट घालावं. चिमाचं मडकं वेगळं, पळी वेगळी. तव्यावर मासळी पडली की पोरीला परसात पिटाळायची, वासानंसुद्धा पथ्य बाटायला नको. सकाळी मसुरीचं पीठ लावून तिचे दंड घासायची. काटे मोडायचे, रक्ताचे ठिपके उठायचे, आणि चार दिवसांत काटे पुन्हा जागेवर. चिमा ओरडायची नाही, पण दातांवर दात घट्ट दाबून धरायची.

"आये, मिठाचा एक खडा दी गं," ती कधी म्हणायची. "नुसता चाटीन आन् परत ठिवीन."

"कार्तिकापतूर कळ काढ, माजी बाय. मंग जलमभर खा."

वैशाखात चिमाच्या ओठांचे कोपरे फाटले. जीभ लालबुंद झाली. जयवंता घाबरली, पण आबाजी म्हणाला की आतली घाण बाहेर पडतेय, लक्षण चांगलं आहे. जयवंता पुन्हा निश्चिंत झाली. माणसाला ऐकायचं असतं तेच सांगणारा कुणी भेटला की शहाणपणाला घर सोडावंच लागतं.

आषाढात आवणी, म्हणजे भाताची लावणी, सुरू झाली. जयवंता दिवस उजाडल्यापासून चिखलात वाकलेली, त्यामुळं म्हैस चिमाकडं आली. चिमा ती घेऊन डोंगराच्या पायथ्याला जायची आणि तिन्हीसांजेला परतायची. आणि श्रावण निम्मा सरला तेव्हा एका सकाळी जयवंताच्या हाताला पोरीचं अंग वेगळंच लागलं. दंडावरचे काटे बोथट झाले होते. ओठांचे कोपरे भरून आले होते. पोरीच्या गालांवर तकाकी होती.

जयवंतानं गावदेवीला नारळ फोडला. आबाजीला नवा पंचा दिला. साजगावच्या वाटेनं जाणाऱ्या एका माणसाबरोबर अंबाबाईंना निरोपही धाडला की पोर सुधारतेय, काळजी नसावी. त्या आठ दिवसांत ती जितकी हसली तितकी लग्न झाल्यापासून हसली नव्हती.

हा चमत्कार कसा झाला ते बुधीनं सांगितलं. बुधी ठाकरीण, डोंगरावरच्या ठाकूरवाडीतली. लाकडाची मोळी आणि रानभाजी घेऊन कडावात यायची, आणि वर्षानुवर्षं जयवंताच्या दारात टेकून पाणी मागायची. जयवंता तिच्या ओंजळीत वरून पाणी ओतायची. त्या दिवशीही ओतलं. पाणी पिऊन बुधीनं तोंड पुसलं.

"तुजी चिमी लय गुनाची पोर हाय, बाय," ती कौतुकानं म्हणाली. "काल माज्या पोरींनी खेकडं भाजलं. पार नांग्या चोकून खाल्ल्या तिनं."

"कुनी?" जयवंताचा तांब्या हातातच राहिला.

"चिमीनं. रोज येते म्हस घिऊन. टाकल्याची भाजी खाते, नाचनीची भाकर खाते. लय भुकी असते गं. मी म्हनते, खा माय."

जयवंताच्या अंगाचा तिळपापड झाला. पथ्य मोडलं ते मोडलं, आणि तेही ठाकरिणीच्या हातचं खाऊन! साजगावच्यांच्या कानावर गेलं तर ते पुन्हा या वाटेला फिरकतील? तिनं तांब्या आपटला आणि बुधीची भाजीची टोपली लाथेनं अंगणात लोटून दिली.

"चालती हो! माज्या पोरीला इख चारतेस व्हय? पुन्ना दारात दिसलीस तर तंगडं मोडीन!"

बुधी गडबडून उठली. तिला राग आला नाही, तिला काही कळलंच नाही.

"भुकी व्हती गं पोर," एवढंच ती म्हणाली. मग चिखलातला पाला वेचून तिनं टोपलीत भरला आणि निघून गेली.

संध्याकाळी चिमानं मार खाल्ला. जयवंताच्या हाताला चुलीपाशी जे लाकूड लागलं त्यानं खाल्ला. चिमानं नाही म्हटलं नाही, काकुळतीला आली नाही, फक्त एकदा म्हणाली, "आये, पोटात आग पडते गं. पेजेनं नाय विझत." ते ऐकून जयवंताला आणखीच चेव आला, कारण ते खरं होतं आणि खरं तिला नको होतं. काटे कमी झाले ते पथ्यानं, आणि जे राहिले ते खेकड्यांनी, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं. खेकडे खाल्ले नसते तर एव्हाना अंग काचेसारखं झालं असतं. माया आंधळी असते म्हणतात. जयवंताची माया तशी नव्हती. तिला सगळं दिसत होतं, फक्त उलटं दिसत होतं.

"मोडलेलं पथ्य दुप्पट पाळावं लागतं," आबाजीनं सांगितलं. म्हैस शेजाऱ्याच्या गुरांबरोबर जाऊ लागली. चिमा घरात आली. भातही सुटला, राहिलं ते पेजेचं वरचं पाणी.

भाद्रपदात पोरीला हगवण लागली आणि तिच्या अंगावर होतं नव्हतं ते उतरलं. काटे आता मांड्यांपर्यंत आणि पाठीवर पसरले. एका तिन्हीसांजेला जयवंतानं तिला चुलीपासचं पेजेचं भांडं उचलायला सांगितलं. चिमाचा हात भांड्याच्या वीतभर अलीकडं फिरला, मग पलीकडं, आणि भांडं कलंडलं. जयवंतानं थोबाडीत दिली.

"डोळं फुटलं काय तुजं?"

कडावातली एकही आई अशी नसेल जी हे वाक्य रोज म्हणत नाही.

"दिसत न्हवतं गं," चिमा म्हणाली. "सांज झाली का समदं गुडुप व्हतं."

"सोंगं कर अजून. पेज नको म्हनून सोंगं."

पण सोंग असतं तर दिवसा तरी डोळे नीट राहिले असते. ते आधी कोरडे पडले, त्यांतला पाणीदारपणा गेला. मग लाल झाले आणि चिमा उजेडाला तोंड चुकवू लागली. मग बुबुळावर साय धरावी तसं काहीतरी दिसू लागलं. जयवंता पळत आबाजीकडं गेली. आबाजी म्हणाला, तोंडावाटे निघालं नाही ते डोळ्यांवाटे निघतंय, आता पथ्य सोडलंस तर केलेलं सगळं मातीत जाईल. जयवंतानं नाही सोडलं. केलेलं मातीत जाऊ द्यायला तिचा जीव होत नव्हता.

वीजघरात दुरुस्ती निघाल्यानं मालोजीच्या मधल्या तीन सुट्या बुडाल्या होत्या, तो घरी आला तो अमावास्येच्या आदल्या दिवशी. त्यानं चिमाची हनुवटी धरून तोंड दाराकडं केलं, एकवार बघितलं, आणि डोक्यावरची टोपीही न काढता शेजाऱ्याची बैलगाडी आणायला गेला. वाटभर तो बैलांना दामटत होता. जयवंता मात्र सारखी सांगत होती, की कार्तिकाला अजून अवकाश आहे, तोवर उतरेल.

कर्जतच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी चिमाच्या पापण्या अलगद उचलून पाहिल्या. मग तिचे दंड पाहिले, गुडघे पाहिले. हात धुताना त्यांनी विचारलं, "हिला खायला काय देत होतात?"

हा प्रश्न जयवंताला आवडला. आपण काय केलं ते इतक्या महिन्यांत तिला कुणी विचारलंच नव्हतं.

"कायबी नाय, दाक्तर. मीठ नाय, तेल नाय, दुदाचा थेंब नाय, मासळीचा वास नाय. पांढरा भात आन् पेज. लई कडक पाळलं आमी. मदी येका ठाकरनीनं मोडलं, तेवढंच."

"तिनं काय खायला घातलं?"

"खेकडं. टाकळ्याचा पाला. नाचनी."

डॉक्टरांनी हात पुसले. पुसून झाल्यावरही ते टॉवेल हातात धरून उभे राहिले.

"बाई," ते म्हणाले, "तेवढंच तिला लागू पडत होतं."

जयवंतानं चिमाचा दंड पदरानं झाकला.

"अंगावरचे काटे आणि डोळ्यांचं हे दुखणं एकाच पोटातून आलंय. पालेभाजी, मासळी, अंडं, दूध, यातलं काहीच मिळालं नाही की कातडी अशी होते. मग संध्याकाळचं दिसेनासं होतं. तेव्हा जरी आणली असतीत..." त्यांनी कपाटातून बाटली काढली. "माशाचं तेल देतो. रोज पाजा. आणि सगळं खाऊ घाला, सगळं."

"कातडी बरी व्हईल?" जयवंतानं विचारलं. महिनोन् महिने ती हेच विचारत आली होती, तोंडाला तेच वळण होतं.

"होईल. थोड्या दिवसांत नितळ होईल."

"आन् डोळं?"

डॉक्टरांनी मालोजीकडं पाहिलं. मालोजी खाली बघत होता. बाकावर बसलेल्या चिमानं आवाजाच्या दिशेनं तोंड केलं आणि म्हणाली, "आये, मंग आज मीठ घालशील ना गं?"

दुसऱ्या दिवशी जयवंता डोंगर चढून ठाकूरवाडीत गेली. कशाला गेली ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. भाजी मागायला, असं ती वाटभर स्वतःला सांगत होती. बुधी खोपटाच्या दारात नाचणी पाखडत होती. जयवंताला बघून ती दचकून उभी राहिली.

"भाजी हवी व्हती," जयवंता म्हणाली. "टाकळ्याची."

"टाकला आता जून झाला, बाय. कडू लागंल." बुधीनं तिच्याकडं निरखून पाहिलं. "पोर कशी हाय?"

जयवंता तिथंच मातीत बसली आणि छाती पिटून रडली, गावात कुणी मेलं तरी कुणी रडणार नाही तशी रडली. मी माझ्या हातानं केलं गं, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. बुधीला सगळं कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा तिनं मडक्यातलं पाणी गाडग्यात ओतून जयवंताच्या हातात दिलं, आणि जयवंता ते गाडगं तोंडाला लावून प्यायली.

"शेवग्याचा पाला घाल तिला," बुधी शेवटी म्हणाली. "तो बारमाही असतो. तुज्या परसातच हाय की झाड."

दसऱ्यापासून घरात सगळं शिजू लागलं. शेवग्याचा पाला, अळूचं फदफदं, नाचणीची भाकर. गवळ्याला दूध बंद झालं. मालोजी येताना अंडी आणायचा आणि ताट बाहेर न आणता आत चुलीपाशी बसून जेवायचा. चिमा वासावरून ओळखायची आणि ताटात चाचपून खायची. खाताना तिचा चेहरा फुलायचा. तो बघवत नसे म्हणून जयवंता भाकरी थापण्याच्या निमित्तानं पाठ करून बसायची.

आणि कातडी खरोखर सुधारली. काटे गळले. दंड मऊ झाले, पाठ नितळ झाली, रंग उजळला. शेजारच्या बायका येऊन हात लावून बघायच्या आणि म्हणायच्या, रेशीम गं, नुसतं रेशीम. मग पोरीच्या तोंडाकडं बघून घाईघाईनं काहीतरी काम आठवून निघून जायच्या. आबाजी आला नाही. त्यानं गावात सांगितलं म्हणे, की पथ्य मोडलं म्हणून डोळे गेले, आणि पाळलं होतं म्हणून कातडी सुधारली. निम्म्या गावाला ते पटलं.

कार्तिक आला. मालोजी म्हणाला, जायला नको. जयवंता म्हणाली, शब्द दिलाय. तिच्या मनात काय होतं ते तिनं नवऱ्याला सांगितलं नाही. चिमाला तिनं न्हाऊ घातलं, नवं लुगडं नेसवलं, वेणी घातली, आणि गाडीत बसताना कानाशी लागून सांगितलं, "मान खाली ठिवायची. कुनी कायबी म्हनू दे, वर बघायचं नाय. लाजल्यावानी बस."

"वर बघून मला काय दिसनार हाय, आये?" चिमा म्हणाली.

साजगावात जत्रेची गर्दी होती. देवळाच्या वाटेवर, या जत्रेची रीतच तशी, दुतर्फा सुक्या मासळीचे ढीग आणि त्यांभोवती वर्षाची बेगमी करणाऱ्या बायका. अंबाबाईंनी त्यांना लांबून ओळखलं. गाडीपाशी आल्या, चिमाचा हात हातात घेतला, आणि त्यांचं तोंड फुललं.

"आगं बया! निसता लोन्याचा गोळा झालाय. मी म्हनलं नव्हतं, पोर पसंत हाय म्हनून?" त्यांनी मायेनं चिमाच्या हनुवटीला हात लावला. "लाजतेस काय येवढी? वर तर बघ, तुज्या सासूचं तोंड..."

चिमाचं तोंड वर झालं.

अंबाबाईंचा हात तिच्या हनुवटीवरून लगेच निघाला नाही, एवढं त्यांचं मोठेपण. थोड्या वेळानं त्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि जयवंताला हाताला धरून गाडीपासून लांब, चिंचेखाली नेलं. मालोजीही मागोमाग गेला.

"का लपवलंस गं?" अंबाबाई म्हणाल्या. "माज्या पोराला नाय म्हनवत मला. त्याचा जलम काढायचाय. तूबी आई हायेस."

"व्हय," जयवंता म्हणाली.

अंबाबाई निघाल्या, चार पावलं गेल्या आणि माघारी आल्या. "माजा थोरला दीर हाय. बायको वारली. लेकी-सुना समद्या हायेत, पन त्याच्यापाशी कुनी बसत नाय. दमा हाय त्याला. वय झालंय, खोटं सांगत नाय. पन पोर उपाशी नाय मरनार. मी हाय तिथं."

जयवंतानं मालोजीकडं बघितलं. आपण दोघं आणखी किती पुरणार, आणि मग हिला कोण वाढील, हा एकच विचार दोघांच्याही मनात होता, आणि तो मोठ्यानं बोलायची गरज नव्हती.

दीर आला. पाठीत वाकलेला, गालफडं बसलेली, काठीच्या आधारानं. गाडीशी उभा राहून त्यानं चिमाकडं बघितलं, खोकला, पुन्हा बघितलं, आणि मान हलवली. चिंचेखाली सुपारी फुटली. लग्न माघात, पोरीला चौदा भरल्यावर.

परतीच्या वाटेला गाडी लागली तेव्हा ऊन कलत होतं. मालोजी पुढं बैलांशी बसला होता. मग चिमा हळूच सरकत आईजवळ आली.

"आये, सुपारी फुटली नव्हं? मला आवाज आला."

"फुटली, बाय."

"आंदळी हाय ते ठाव हाय त्यांना?"

"ठाव हाय."

"तरीबी व्हय म्हनला?" चिमानं आईचा हात घट्ट धरला. "तो आला व्हता गाडीपाशी?"

"आला व्हता."

"दिसायला कसा हाय गं?"

मालोजीनं बैलांचे कासरे ओढून धरले, पण मागं वळून पाहिलं नाही. जयवंतानं पोरीच्या कपाळावरची बट मागं सारली.

"चांगला हाय. उंचापुरा हाय. केस काळंभोर."

"आन् खोकत कोन व्हतं?"

"चुलता हाय त्याचा. म्हातारा हाय."

चिमानं चाचपून पदराचा काठ शोधला, तो डोक्यावरून पुढं ओढला, नव्या सुनेनं घ्यावा तसा, आणि ताठ बसली. गाडी गचके खात होती, तशी ती दर गचक्याला पदर सारखा करत होती.